कडीमोडे

"उद्या शाळेत नाव द्यायचंय," नवरा बुटाची नाडी करकचून ओढत म्हणाला, "आणि मी कडीमोडे सांगणार नाही. आत्ताच बोलून ठेवतो, मग तिथे तमाशा नको."

बोलत होता माझ्याशी, पण ऐकवायचं होतं सासऱ्यांना. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. मघापासून तिथून रंध्याचा सळसळ आवाज येत होता, तो थांबला.

"मग काय सांगणार?" बाबांनी तिथूनच विचारलं.

"काहीही. ज्याला काही अर्थच नाही असं. लोकांच्या आडनावाला अर्थ असला तरी कोण विचारतं? आपल्याला मात्र पहिल्या भेटीत विचारतात. 'कडीमोडे? अरे वा! मग रात्री फिरता की दिवसा?'"

खोटं नव्हतं ते. माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी मला घेरून सांगितलं होतं, "दागिने माहेरीच ठेव गं बाई." मीही हसले होते. पण मला हसून सोडून देता येतं, त्याला येत नाही, कारण तो नोकरीला आहे बँकेत, आणि बँकेतही नेमका लॉकरच्या खोलीत. छातीवर नावाची पट्टी आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. मागच्या महिन्यात एका बाईंनी ती पट्टी वाचली, खूप हसल्या, आणि चार दिवसांनी आपला लॉकर दुसऱ्या शाखेत हलवला. हसत हसतच हलवला, पण हलवला. तेव्हापासून हा ती पट्टी खिशात ठेवतो आणि साहेब दिसले की लावतो.

"आणि तिचं शाळेत काय होईल?" त्याने मुलीकडे बोट केलं. "कुणाचं खोडरबर हरवलं की आधी हिचं दप्तर उघडतील."

जिचं दप्तर अजून विकतही आणलेलं नव्हतं, ती कारखान्याच्या भिंतीशी उभी होती. तिथे तिच्या उंचीला बाबांनी एक फळी ठोकली आहे आणि फळीवर नाना तऱ्हेच्या कड्या बसवल्या आहेत. उभी, आडवी, आकड्याची, सरकती. बाजारातली बाहुली दोन दिवसांत कोपऱ्यात गेली, पण ह्या फळीपुढे ती तास तास उभी राहते. सारखं काहीतरी खुडबुडत असते म्हणून बाबा तिला खुडबुडीच म्हणतात.

"खुडबुडे, लाव बघू," ते म्हणतात. ती लावते. खट्. "शाब्बास! आता काढ." की ही पुढच्या कडीकडे. लावायचं आवडतं, काढायचा कंटाळा.

"बाबा, मी वाईट बोलत नाही," नवरा जरा नरमून म्हणाला. "तुम्हीच सांगा, काय अर्थ आहे ह्या नावाचा? चांगला काही असेल तर ठेवतो, शब्द देतो. आत्याला विचारा ना. तिच्याशिवाय आता कोण उरलंय सांगणारं? जन्मभर टाळलंत तुम्ही."

दाराच्या पल्ल्यावरून बाबांनी हात फिरवला, भुसा झटकला, आणि मग म्हणाले, "विचारतो. आजच जातो."

ते जन्मभर का टाळत होते, हे नवऱ्याला माहीत नाही. मला माहीत आहे. हिच्या वेळी मला दिवस गेले होते आणि ते पाळणा करत बसले होते, तेव्हा एकदा ओघात बोलून गेले होते.

वस्तीत कुणाचंही दार अडकलं की मिस्त्रींना, म्हणजे बाबांना, हाक जाते. मिस्त्री जातातही, पण कडी तोडत नाहीत. बिजागरीचे स्क्रू काढतील, चौकटीची पट्टी सोलतील, तारेचा आकडा करून फटीतून घालतील, दुपारची संध्याकाळ करतील, पण हातोडा म्हणून उचलणार नाहीत. घराबाहेर ताटकळलेली माणसं वैतागतात. समोरचा न्हावी तर दुकानातून ओरडतो, "काय हो मिस्त्री, नाव कडीमोडे आणि हाती पेचकस!" बाबा हसतात. मला मात्र त्या दिवशी पाळण्याच्या दांडीला कानस लावता लावता म्हणाले होते, "आपण चोराच्या पोटचे असू तर असू, पोरी. त्याला माझा इलाज नाही. पण माझ्या हातून एक जरी कडी मोडली ना, तर मग ते नुसतं नाव नाही राहणार."

दुपारी आम्ही निघालो. ते, मी आणि त्यांच्या खांद्यावर खुडबुडी. "आत्याची खिडकी अडकते म्हणत होती," असं म्हणून त्यांनी रंधाही पिशवीत टाकला. रिकाम्या हाताने विचारायला जायची हिंमत होत नव्हती त्यांची. बसमध्ये जागा मिळूनही ते उभे राहिले. मध्येच मला म्हणाले, "चोर म्हणाली तर घरी काय सांगायचं गं?"

"ती म्हणेल तेच सांगायचं, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि पुढचे दोन थांबे नुसते खाली बघत राहिले. हसून सोडून द्यायचं नाव, त्यासाठी मी कशाला घाबरते आहे, हे मला कळत नव्हतं.

आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. लेकीकडे असते. कंबरेतून गेली आहे, पण जीभ शाबूत. खिडकीशी पलंग टाकलेला आणि खिडकी खरंच अडकलेली. बाबांनी आधी पल्ला उतरवून घेतला आणि खाली मान घालून कड तासायला लागले. तासता तासताच विचारलं.

"ताई, आपलं नाव असं का गं?"

"धाकट्या, मी मरायला टेकले तेव्हा सुचलं होय तुला विचारायला?"

"सांग ना."

"घाबरतोस काय? रंधा वाकडा चाललाय तुझा."

खरंच वाकडा चालला होता. आजवर मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"आपले लोक चोर होते का?" त्यांनी एकदाचं विचारून टाकलं.

आत्या हसली. हसता हसता खोकला लागला, मी पाणी दिलं. "चोर? अरे, चोर म्हणून नाव पडायला आधी सापडावं लागतं. चोर नव्हता. चोर असता तर मी तुला लहानपणीच सांगितलं असतं, गंमत म्हणून." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तूही ऐक. पुढे तुलाच सांगायचंय."

तिने सांगितलं ते असं. आत्या-बाबांचे पणजोबा सुतारच. तेव्हा कुठलीशी वस्ती उठवून मोठा रस्ता काढायचा होता. लोक हलेनात, आतून कड्या लावून बसले. रस्त्याच्या साहेबाने ह्याला कामावर घेतला, कारण कडी कुठे नाजूक असते ते सुताराला कळतं. साहेब मागे उभा राहायचा आणि हा पुढे होऊन दारं उघडायचा. एकेक घाव की कडी खाली. आत चुलीवर भांडं असायचं, पोरं असायची, म्हातारी माणसं असायची. सगळी बाहेर.

"रस्ता झाला," आत्या म्हणाली, "आणि नाव पडलं. शिवी होती ती, लोकांनी घातलेली. पुढे पोरांना तीच चिकटली."

बाबांचा रंधा थांबला होता.

"पण आजी आणखी एक सांगायची," आत्या म्हणाली. "दिवसभर मोडायचा आणि संध्याकाळी हत्यारांची पेटी उचलून निघायचा. ती माणसं जिथे कुठे पत्रे, फळकुटं जोडून राहिली असतील तिथे. त्यांच्या दारांना कड्या बसवून द्यायचा. फुकट. कुणी अंगावर थुंकलं, कुणी धोंडा मारला, तरी जायचा. कपाळावर खोक होती त्याच्या, ती त्यातलीच."

"मग कडीमोडेच का?" मी न राहवून विचारलं. "बसवल्याही होत्या ना त्यांनी?"

"अगं, माणसाला मोडलेलं लक्षात राहतं. बसवलेली कडी कोण बघतं? दार लागतं, उघडतं, झालं." तिने डोळे मिटले. "आणि तुम्ही पुरुष काय नावाचं घेऊन बसलाय? माझं तर लग्नात सुटलं. चांगलं की वाईट, कुणी विचारलं नाही. रडले होते मी त्या रात्री, शिवी तर शिवी, माझी होती."

मला एकदम माझं आधीचं नाव आठवलं. मीसुद्धा ते असंच मांडवात ठेवून आले होते. त्याचा अर्थ काय, हे मी माझ्या वडिलांना कधीच विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ते नाहीत.

बाबांनी पल्ला बसवला. खिडकी बोटाने ढकलली तरी लागत होती. निघताना आत्याने त्यांचा हात धरून ठेवला.

घरी त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे न करता सगळं सांगितलं. थुंकणं आणि खोकही सांगितली. नवरा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे चोर नाही."

"नाही."

"चोर परवडला, बाबा. चोर निदान स्वतःच्या पोटासाठी करतो. हा दुसऱ्याच्या हुकमावर लोकांना घराबाहेर काढायचा."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण बाबा म्हणाले, "खरं आहे."

एवढंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

"मग ठरलं?"

"ठरलं," बाबा म्हणाले आणि कारखान्यात गेले. रंध्याचा आवाज काही आला नाही. मी डोकावले तर ते फळीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसून एक सरकती कडी उगाच पुढेमागे करत होते.

सकाळी आमच्याकडे एकच धांदल. हिला आंघोळ घालायची, शाळेत न्यायचं, नवऱ्याला बँक गाठायची. मी बादलीत कडकडीत पाणी काढलं, त्यात गार घालायच्या आधी टॉवेल घ्यायला म्हणून वळले. मागे लहान पावलांचा थपथप आवाज झाला. दार लोटल्याचा झाला. आणि मग, खट्.

न्हाणीच्या दाराला खालून एक कडी आहे. पाण्याने दार तळाशी फुगतं, नीट मिटत नाही, म्हणून बाबांनीच ती बसवली. अगदी तिच्या हाताशी.

"खुडबुडे, काढ गं कडी. काढ बघू, राणी."

आतून हसण्याचा आवाज आला. मग पाण्यात काहीतरी पडलं.

"आई, बुडुक!"

"पाण्याला हात लावू नकोस! भाजेल! भाऽ आहे!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बाबाऽ! अहो बाबा, लवकर या!"

दोघंही धावले. नवऱ्याने खांदा लावला, दार हललंसुद्धा नाही. बाबांचं दार ते. बिजागऱ्या आतून, चौकट भिंतीत रुतवलेली, आणि फट औषधालासुद्धा नाही. "माझ्या दारातून वारा विचारल्याशिवाय जात नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गरम पाणी. बादली भरून. झाकलेली नाही."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकणार नाही. ते पेचकस घेऊन आले, गुडघ्यावर बसले आणि चौकटीची पट्टी सोलायला लागले. एक स्क्रू निघाला, दुसरा गंजलेला, फिरेना. आत पुन्हा बुडुक झालं. मग आणखी एकदा. मग काहीच नाही.

"खुडबुडे?"

काही नाही.

"खुडबुडे, आबांना ओ दे!" बाबा दाराला तोंड लावून म्हणाले.

मूल रडत असतं तोवर आईचा जीव थाऱ्यावर असतो, हे ज्याने मूल वाढवलं आहे त्याला सांगावं लागत नाही. गप्प झालं की संपलं. मी दारावर थापा मारत होते. बाबांनी जमिनीला कान लावला, पण फटच नव्हती, तर ऐकू काय येणार?

"काय करताय बाबा!" नवरा किंचाळला. "स्क्रू कसले काढताय! मोडा ना! कडी मोडा!"

बाबांनी वर पाहिलं, त्याच्याकडे. क्षणभरच. मग पेचकस टाकला, पेटीतून पटाशी आणि हातोडा काढला. दाराच्या तळाशी तळहात ठेवून त्यांनी अंदाज घेतला, आत कडी कुठे आहे, तिचा कोणता स्क्रू सैल आहे. स्वतःच तर बसवली होती. "दारापासून लांब हो गं, बाळा," असं अगदी हळू म्हणाले, तिला ऐकू गेलं असेल की नाही देव जाणे. आणि घाव घातला.

एकच. पल्ला तळापासून उभा चिरला, आत कडी खणकन पडली आणि दार सरकलं.

खुडबुडी पलीकडच्या भिंतीशी बसली होती. साबणाची वडी, ब्रश, तांब्या, माझा कंगवा, सगळं बादलीत घालून झालं होतं. वाफेतून आमच्याकडे पाहत, दोन बोटं तोंडात. शेवटची वस्तू घालताना पाणी लागलं होतं, ती बोटं लाल झाली होती. दुखत होतं म्हणून तोंडात, आणि तोंडात होती म्हणून ओ दिली नव्हती. तिने बोटं काढली, जमिनीवर पडलेली कडी बघितली, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"आबा, कडी मोडली," ती रागाने म्हणाली.

मग मात्र तिने गळा काढला. तो आवाज मला किती गोड लागला म्हणून सांगू. नवरा तसाच, बँकेच्या कपड्यांत, ओल्या फरशीवर बसला आणि तिची बोटं गार पाण्याच्या धारेखाली धरून राहिला. पाणी त्याच्या पँटवर, बुटांत. त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाबा बाहेर जाऊन बसले होते. हातोडा अजून हातात. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी उचलला नाही.

नवऱ्याने कपडे बदलले. डॉक्टरांकडून मलम आणलं, बोटांना पट्टी झाली. निघताना तो दारात घुटमळला.

"शाळेत तूच जा तिला घेऊन. मला आधीच उशीर झालाय."

"आणि नाव?"

त्याने खिसा चाचपला, नावाची पट्टी आहे ना ते पाहिलं. "तू ठरव," तो म्हणाला. "लग्नात तुला तरी कुठे विचारलं होतं कुणी?" आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला.

बाबा म्हणाले, "मी येतो बरोबर." सवयीने पिशवीही घेतली.

दोन दिवस बापलेकांच्या मध्ये लोंबकळणारं ते नाव आता माझ्या पदरात पडलं होतं. एक सांगितलं तर नवऱ्याची मान खाली, दुसरं सांगितलं तर सासऱ्यांची. आणि ज्या पोरीचं नाव, ती आपली पट्टीची बोटं लोकांना दाखवत चालली होती. शाळेच्या फाटकाशी बाबा थांबले.

"नवं सांगायचं तर नवं सांग," ते म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस. मी बाहेरच थांबतो." मग, मी वळल्यावर, "मला वाटायचं, मोडायला फार वेळ लागत असेल गं. आतून खूप काही व्हावं लागत असेल. काहीच लागत नाही. हात उचलला की झालं."

मी आत गेले.

बुटक्या खुर्च्या, भिंतीवर फळांची चित्रं, आणि टेबलामागे जाड भिंगाच्या बाई. त्यांनी मुलीचं नाव लिहून घेतलं, वडिलांचं लिहून घेतलं.

"आडनाव?"

दारातून मला व्हरांड्याचा तुकडा दिसत होता, तिथे बाबा नव्हते. खरंच बघायचं नाही म्हणून कुठेतरी बाजूला झाले होते.

"कडीमोडे," मी म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "वेगळंच आहे हो. पहिल्यांदा ऐकतेय. म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. कुठून सुरू करायचं? रस्त्यापासून, की संध्याकाळी उचललेल्या पेटीपासून? आणि ह्या बाईंना किती वेळ आहे, बाहेर आयांची रांग लागलेली?

माझ्या मांडीवरून खुडबुडीने पट्टीची बोटं पुढे केली.

"मी आत होते," ती म्हणाली. "आबांनी कडी मोडली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं की रडू, ते आजही नक्की सांगता येणार नाही. "हो," मी म्हणाले. "तेच."

त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर आले तर बाबा फाटकाशी नव्हते. व्हरांड्याच्या टोकाला मुलांची स्वच्छतागृहं होती. तिथे शिपाईमामा स्टूल धरून उभे होते आणि बाबा एका दारापुढे बसले होते. ते दार त्यांचं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

"फार खाली आहे ही," ते मला बघून ओशाळून म्हणाले. "दोन मिनिटांत वर घेतो."

काय लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कडी निघाली, मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी वर चढली, स्क्रू एकेक करून बसले. खुडबुडीने टाचा उंचावून पाहिलं, हात पुरेना, तेव्हा तिने निषेधाचा एक हुंकार भरला.

जुन्या जागी स्क्रूची भोकं उरली होती. बाबांनी खिशात हात घातला, तिथे नेहमी असतो तो चिमूटभर भुसा काढला, पिशवीतला गोंद लावून अंगठ्याने एकेका भोकात दाबून बसवला. मग त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले, तापातून उठलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा.